थांबा कुणाचा, गाडी कुणाची?

एस. टी.च्या भाषेत दोन शब्द मोठे बोलके आहेत. एक ‘विनंती थांबा’ आणि दुसरा ‘विनाथांबा’. तेल्हाऱ्याच्या स्टँडावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या कोणाही माणसाला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही. डोक्यावर गाठोडे घेऊन शेतातून फाट्यावर आलेल्या म्हातारीला विनंती थांबा म्हणजे साक्षात देव भेटल्यासारखे. आणि अकोल्याच्या कोर्टात अकराच्या ठोक्याला हजर राहावयाचे आहे अशा पक्षकाराला तीच म्हातारी, तिचे तेच गाठोडे आणि कंडक्टरने मारलेली तीच घंटी म्हणजे नशिबाचा भोग! गाडी एक, रस्ता एक, थांबाही एकच. पण म्हातारीचे जे एक मिनिट वाचले ते पक्षकाराच्या खिशातून गेले. आणि गाडीत एकच पक्षकार नसतो. चाळीस माणसे बसलेली असली तर म्हातारीसाठी चाळीस मिनिटे खर्ची पडली, असा हिशेब कोणी मांडू म्हणेल तर त्याला खोटे ठरवता येणार नाही. अर्थात म्हातारीला फाट्यावर तासभर उन्हात बसावे लागले असते, हेही त्याच वहीत लिहावे लागेल.

हा हिशेब आम्हां वऱ्हाडी माणसांना नवा नाही. आमच्या तेल्हाऱ्याला रेल्वे नाही. तालुक्यातल्या अडगाव आणि हिवरखेडला अकोला–खंडवा ही लहान रुळांची गाडी येत असे. रूळ मोठे करावयाचे म्हणून ती २०१७ च्या आरंभी बंद झाली. अकोल्याहून अकोटापर्यंत मोठ्या रुळांवरची गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. मुंबईस जावयाचे तर आम्ही अकोला नाहीतर शेगाव गाठतो. आता शेगाव हे काही जिल्ह्याचे ठिकाण नव्हे. पण गजानन महाराजांच्या कृपेने तिथे कितीतरी मोठ्या गाड्या थांबतात, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. बाकीच्या गावांचे मात्र तसे नसते. अमुक एक्स्प्रेसला अमुक स्टेशनवर थांबा मिळालाच पाहिजे, अशी निवेदने दरवर्षी दिली जातात, सह्या गोळा होतात, निवडणुकीत वचने दिली जातात. थांबा मिळाला की हारतुरे घेऊन गाव स्टेशनवर लोटते, इंजिनाला नारळ फोडतात. दोन मिनिटांच्या त्या थांब्याने गावाचा मान वाढतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

याच्या अगदी उलट टोकाला आमची शकुंतला. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी ७६ किलोमीटरांना चार तास घेई. गाडीतली माणसेच उतरून फाटके लावीत आणि उघडीत. १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. कुणालाही घाई नव्हती, म्हणून थांबा हा तिथे वादाचा विषयच नव्हता. वाद केव्हा सुरू होतो? माणसाच्या मिनिटाला किंमत आली म्हणजे. आणि मिनिटाला देशात सर्वांत जास्त किंमत कुठे आली असेल तर ती मुंबईच्या लोकलगाडीत.

गेल्या पावसाळ्यात मी तीन आठवडे माझ्या भाच्याकडे दिव्याला राहून आलो. त्याच्या आधी मुंबईला गेलो नव्हतो असे नाही. पण पाहुणा म्हणून जाणे निराळे आणि रोज सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर निघणे निराळे. भाचा लोअर परळला एका कचेरीत कामास आहे. दिव्याला त्याने घर घेतले ते स्वस्त मिळाले म्हणून. ते स्वस्त का मिळाले, हे मला फलाटावर उभे राहिल्यावर कळू लागले, आणि तेव्हापासून थांबा या विषयाने माझ्या डोक्यात ठाण मांडले ते अजून हललेले नाही.

वाचकांपैकी जे मुंबईबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडी भूमिका सांगणे भाग आहे. मध्य रेल्वेवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याणपर्यंत सुमारे ५४ किलोमीटरांत २६ स्थानके आहेत. १८५३ च्या १६ एप्रिलला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली ती याच वाटेने. आज या वाटेवर लोकलसाठी रुळांच्या दोन जोड्या आहेत. एका जोडीवर धीम्या गाड्या, दुसरीवर जलद. धीमी गाडी म्हणजे सज्जन मनुष्य. वाटेत जो भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नाही. मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड, सगळ्यांची विचारपूस करीत ती साधारण दीड तासाने कल्याणला पोहोचते. जलद गाडी भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली अशा मोठ्या मंडळींशीच बोलते. काही जलद गाड्या विक्रोळी, भांडुप, मुलुंडलाही थांबतात. ती वीसएक मिनिटे आधी पोहोचते.

ही वीस मिनिटे वाचतात कुठे, हे पाहण्यासारखे आहे. पुष्कळांची समजूत अशी की जलद गाडी जोरात धावते. तसे मुळीच नाही. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या, मोटार तीच, डबे तेच. फरक फक्त थांबण्याचा. स्थानक जवळ आले की गाडीला वेग कमी करावा लागतो, मग वीस-तीस सेकंद उभे राहावयाचे, मग पुन्हा वेग घ्यावयाचा. या सगळ्यात एका थांब्यापायी सव्वा ते दीड मिनिट जाते. पंधरा स्थानके टाळली की झालीच वीस मिनिटे! जलद गाडी म्हणजे धावणारी गाडी नव्हे, न थांबणारी गाडी होय.

आता यात एक मेख आहे. जलद गाडीला धीमीच्या पुढे जावयाचे असेल तर स्वतंत्र रूळ हवेत, नाहीतर ती तिच्या पाठीशी येऊन अडकेल. म्हणूनच हार्बर मार्गावर सगळ्या गाड्या धीम्याच आहेत. तिथे रुळांची एकच जोडी. देशातली पहिली विजेची गाडी १९२५ च्या ३ फेब्रुवारीला ज्या हार्बर मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली, त्या मार्गाला शंभर वर्षांनंतरही जलद गाडीचे सुख नाही. पनवेलच्या माणसाने प्रत्येक स्थानक मोजीतच मुंबईस यावे. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे आणि कर्जतकडेही तोच प्रकार: लोकल सगळीकडे थांबते, आणि रूळही मेल-एक्स्प्रेसबरोबर वाटून घेते.

लोकांनी या दोन जातींतून तिसरी जात काढली आहे, तिला अर्धजलद म्हणतात. बदलापूर, कर्जत किंवा कसाऱ्याची गाडी शहरातली लहान स्थानके टाळत जाते आणि कल्याण ओलांडले की प्रत्येक ठिकाणी थांबू लागते. यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटला. दूरच्या माणसाला पल्ला मोठा, त्याचा वेळ आधी वाचवा. जवळच्याला थोडे हळू गेले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. प्रत्येक पट्ट्याची आपली एक गाडी, ती आपल्या पट्ट्यातली माणसे गोळा करते आणि मग मधल्या कुणाकडे न पाहता शहराकडे निघते.

विचार शहाणपणाचा, पण माणसे मधे राहतात त्याचे काय? पश्चिम रेल्वेवरचे विरार आणि बोरिवलीचे भांडण साऱ्या मुंबईला ठाऊक आहे. विरारची जलद गाडी ही विरार-नालासोपाऱ्याच्या माणसांना आपल्या मालकीची वाटते. बोरिवलीचा मनुष्य तिच्यात शिरला तर, तुला बोरिवलीची गाडी आहे ना, मग आमची जागा का खातोस, असा सवाल होतो. उतरू देताना धक्काबुक्की होते. ऐकणाऱ्याला हा रानटीपणा वाटेल. मलाही वाटला. पण तासभर एका पायावर उभे राहून आलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्या म्हणण्यात एक विचित्र न्याय आहे. २००७ मध्ये बोरिवली ते विरार आणखी दोन रूळ झाले, गाड्या वाढल्या, भांडणाची धार काहीशी बोथट झाली. उपाय उपदेशाने झाला नाही, रुळांनी झाला, हे ध्यानात घ्यावे.

आता दिव्याकडे येतो. दिवा हे एक चमत्कारिक स्थानक आहे. नकाशात पाहिले तर जंक्शन. वसईकडे, पनवेलकडे, कोकणात सावंतवाडीकडे इथून फाटे फुटतात. पण लोकलच्या हिशेबात कित्येक वर्षे ते लहान स्थानक होते. जलद गाड्या त्याच्या अंगावरून धडधडत निघून जात. दरम्यान गाव वाढत गेले. ठाण्यात, डोंबिवलीत ज्यांना घर परवडेना ती माणसे दिव्याला आली. माझ्या भाच्यासारखी विदर्भातली आली, खानदेशातली आली, कोकणातली तर होतीच. वस्ती मोठ्या स्थानकाची आणि थांबे लहान स्थानकाचे, अशी ती अवस्था.

२०१५ च्या २ जानेवारीला या अवस्थेचा स्फोट झाला. सकाळी गाड्या रखडल्या, फलाट ओसंडले, लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, आणि कित्येक तास मध्य रेल्वेची लोकल बंद पडली. दंगलीचे समर्थन कोणी करू नये, मीही करीत नाही. मोटरमनला मारहाण झाली. त्या बिचाऱ्याने काय वेळापत्रक केले होते? पण त्या दिवसानंतर दिवा या नावाकडे सगळ्यांचे लक्ष गेले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. वाचकांस वाटेल, थांबा देणे म्हणजे कागदावर एक टिंब वाढवणे. तसे नसते. पुष्कळ लहान स्थानकांत जलद रुळांलगत फलाटच नसतो; गाडी थांबली तरी माणूस उतरणार कुठे? दिव्यालाही फलाटाची आणि रुळांची उस्तवार करावी लागली, तेव्हा कुठे गाडी उभी राहिली.

मी गेलो तेव्हा या गोष्टीला कितीतरी वर्षे लोटली होती. पहिल्या सकाळी भाच्याबरोबर फलाटावर उभा राहिलो. जलद गाडी आली, थांबली. दारात माणसांची भिंत. दोघे उतरले, चौघे कसेबसे चिकटले, आणि गाडी गेली. फलाटावरची गर्दी जिथल्या तिथे.

“मामा, दुसरी पाहू,” भाचा म्हणाला.

दुसरीही तशीच गेली. तेव्हा तो जे बोलला ते मी तीन आठवड्यांत ऐकलेले सर्वांत खरे वाक्य होय. “गाडी थांबते मामा, पन घेत नाही.”

त्या रात्री मी त्याच्या मुलाची वही घेऊन हिशेब मांडला. तो माझा हिशेब आहे, रेल्वेचा नव्हे. पण कुणालाही ताडून पाहता येईल. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत चार हजारांवर माणसे असतात. दिव्याला थांबल्याने प्रत्येकाचे दीड मिनिट जाते, असे धरू. म्हणजे सहा हजार मिनिटे, बरोबर शंभर तास खर्च झाले. जमेच्या बाजूला दिव्याहून जलद गाडीत शिरणारे. धीमीच्या मानाने त्यांची पंधरा मिनिटे तरी वाचतात. शंभर तासांची भरपाई व्हावयास अशी चारशे माणसे चढली पाहिजेत. बारा डबे, एकेका डब्यात तेहेतीस-चौतीस माणसे. मोकळ्या गाडीत ही काही फार मोठी संख्या नव्हे. दिव्याच्या फलाटावर चारशेच काय, त्याच्या कितीतरी पट उभी असतात. पण गाडीत जागाच नसेल आणि साठ-सत्तरच माणसे लोंबकळली, तर थांब्याचा खर्च पुरता आणि लाभ पाव हिश्शानेही नाही. आतले चार हजार करवादतात की दिव्यामुळे उशीर झाला, आणि बाहेरचे म्हणतात की आमच्या तोंडाला पाने पुसली. दोघेही खरेच बोलत असतात.

थांबा मिळणे आणि गाडी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वऱ्हाडात आमच्या ध्यानात येत नाही. आम्हीही दोन मिनिटांचा थांबा मिळवतो, हार घालतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात पाय ठेवावयास जागा नसते. भुसावळहून येणारी गाडी रिकामी येईल कशाला?

म्हणूनच दिव्याच्या लोकांची जी जुनी मागणी आहे ती मला जास्त शहाणपणाची वाटते. त्यांना दिव्याहून सुटणारी लोकल हवी आहे. सुटणारी, म्हणजे जिच्या बाकांवर आधी कोणी बसलेले नाही अशी. थांब्याने मिनिटे मिळतात, सुटण्याने जागा मिळते. यासाठी गाडी उभी करण्यास फलाट हवा, वळवण्यास रूळ हवेत, आणि ती गाडी मुंबईत शिरताना वेळापत्रकात तिच्यासाठी फट हवी. मुंबईत लोकलच्या रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. गर्दीच्या वेळी एका गाडीमागे तीन-चार मिनिटांनी दुसरी. त्या रांगेत नवी गाडी घुसवणे म्हणजे भरल्या पंगतीत पाट मांडणे. त्यातून कुर्ल्याच्या अलीकडे लांब पल्ल्याच्या गाड्यांना स्वतंत्र रूळ नाहीत. त्या जलद लोकलच्याच वाटेने येतात. तेव्हा अडचण खरी आहे. पण अडचण खरी असली म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

तोपर्यंत लोक काय करतात? भाच्याची बायको घाटकोपरला शिकवणीच्या वर्गात जाते. तिची तऱ्हा मी पाहिली आणि थक्क झालो. ती मुंबईकडे जावयाचे सोडून आधी कल्याणच्या गाडीत बसते. कल्याणला तीच गाडी मुंबईस जाण्यासाठी परत फिरते, आणि ही जागेवर बसल्या बसल्या दिव्यावरून पुन्हा जाते. पास कल्याणपासूनचा काढावा लागतो, पाऊण तास जास्त जातो. “मामाजी, आमी आधी उलटं जातो, मंग सुलटं येतो,” असे ती हसून म्हणाली. हजारो बायाबापड्या हे करतात. एका बसण्याच्या जागेसाठी रोज पाऊण तास! आणि कल्याणचा मनुष्य फलाटावर गाडी लागताच आत पाहतो तो बाके आधीच भरलेली. मग तो चिडतो. त्याचेही बरोबरच आहे. एका स्थानकाचा प्रश्न सुटला नाही की तो असा पुढच्या स्थानकावर जाऊन बसतो.

भाच्याची गोष्ट आणखी निराळी. त्याला करी रोडला उतरावयाचे. करी रोड, चिंचपोकळी, परळ ही गिरणगावातली स्थानके. गिरण्यांचे कामगार गिरणीच्या आसपास चाळीत राहत. त्यांना कल्याणहून जलद गाडीने यावयाचे कारणच नव्हते. ही स्थानके धीम्या गाडीची राहिली यात त्या काळी काही वावगे नव्हते. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. आता दूरदूरच्या उपनगरांतून माणसे तिथेच येतात, पण करी रोडला आणि चिंचपोकळीला अजून धीमीच. शहराचे काळीज सरकले, थांबे सरकले नाहीत. म्हणून भाचा जलद गाडी मिळाली तर दादरला उतरतो, पूल चढतो, दुसऱ्या फलाटावर उतरतो आणि धीमी धरतो. जलदने वाचवलेल्या पंधरा मिनिटांतली सात-आठ त्या पुलावर जातात. पुष्कळदा तो सरळ धीमीनेच जातो. “निदान एका गाडीत तं राह्यतो,” असे त्याचे म्हणणे.

इथे मला न्यूयॉर्कची आठवण दिल्यावाचून राहवत नाही. तिथली भुयारी रेल्वे १९०४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली तीच मुळी चार रुळांनिशी, जलद आणि धीमी अशा दोन्ही गाड्या घेऊन. पण त्यांनी एक युक्ती केली. एका दिशेला जाणारी जलद आणि त्याच दिशेला जाणारी धीमी यांच्यामधे एकच फलाट ठेवला. एकीतून उतरा, दहा पावले चाला, दुसरीत बसा. मुंबईत रुळांची मांडणी निराळी. जाण्या-येण्याचे दोन धीमे रूळ एकीकडे, जाण्या-येण्याचे दोन जलद रूळ दुसरीकडे. त्यामुळे धीमी आणि जलद यांच्यामधल्या फलाटावर दोन्ही गाड्या उलट दिशांच्या! एकीतून दुसरीत जावयाचे तर पूल चढल्याशिवाय सुटका नाही. रूळ टाकतानाच हे ठरून गेले. आता ते उलटवणे म्हणजे नदीचा ओघ फिरवणे. पण दादरच्या पुलावर रोज जी घुसमट होते तिचे एक मूळ तिथे आहे.

शिकागोच्या लोकांनी दोनच रूळ असताना जलद गाडी कशी करावी याची तोड काढली होती. १९४८ पासून त्यांनी स्थानकांना अ आणि ब अशी नावे दिली. अ गाडी अ स्थानकांवर थांबावयाची, ब गाडी ब स्थानकांवर. मोठ्या स्थानकांवर दोन्ही. कुणी कुणाला ओलांडावयाचे नाही, तरी दोघींचे थांबे कमी. ऐकताना मला हे इतके आवडले की हार्बर मार्गावर हेच का करीत नाहीत, असे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, अ वरून ब ला जाणाऱ्याने काय करावे? मधे उतरून दुसरी गाडी धरावी, आणि त्या दुसऱ्या गाडीत शिरावे कसे? शिवाय लहान स्थानकावरच्या माणसाला दोन गाड्यांतली एकच उपयोगी, म्हणजे वाट पाहणे दुप्पट. शिकागोनेही १९९५ मध्ये ती पद्धत सोडून दिली.

दिव्याच्या पुढे, ठाण्याच्या बाजूला, मुंब्रा आणि कळवा. त्यांची कथा आणखी विलक्षण. १९१६ मध्ये डोंगरातून पारसिकचा बोगदा झाला, आणि पुढे जलद गाड्या त्या बोगद्यातून ठाण्याला जात. कळवा-मुंब्र्याच्या वाटेला त्या येतच नसत. जी गाडी दिसतच नाही तिचा थांबा कोण मागणार? फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवा आणि सहावा रूळ झाला. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. आता गाडी डोळ्यांदेखत जाते आणि थांबत नाही. तिथेही थांब्याची मागणी आहे, आणि माझा हिशेब त्यांना लावला तरी उत्तर तेच येते: आधी गाडीत जागा, मग थांबा.

त्या मुंब्र्याजवळच २०२५ च्या ९ जूनला सकाळी समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारी माणसे रुळांवर पडली. किमान चार जण दगावले, कित्येक जखमी झाले. भाच्याने मला धावत्या गाडीतून ते वळण दाखवले. त्या वेळी आम्ही दारापासून दोन हात आत होतो, आणि आमच्यापुढे पाच-सहा मुले दारात होती. वळण आले तसे त्यांतल्या एकाने पाठीवरची पिशवी काढून पोटाशी घेतली. डब्यात कोणी बोलले नाही.

त्या अपघातानंतर सगळ्या लोकलना आपोआप मिटणारी दारे बसवावयाचे ठरले. वातानुकूलित लोकलना तशी दारे आहेतच. पहिली अशी गाडी पश्चिम रेल्वेवर २०१७ च्या नाताळात धावली. दारे आलीच पाहिजेत, यात दुमत नाही. पण तीन आठवडे थांब्यांचे मोजमाप करण्याची खोड लागल्याने माझ्या डोक्यात लगेच दुसरा हिशेब सुरू झाला. आज गाडी सुटते आणि माणूस धावत येऊन दांडी पकडतो. त्याच्यासाठी गाडी थांबत नाही. दारे मिटावयाची म्हटल्यावर शेवटचा मनुष्य पुरता आत गेल्याशिवाय गाडी हलणार नाही. एका थांब्याला पंधरा सेकंद जास्त लागले असे धरले, तरी दिव्याहून मुंबईपर्यंतच्या वीस स्थानकांत धीमी गाडी पाच मिनिटे लांबते. मागची गाडी तिच्या मागे पाच मिनिटे, तिच्या मागची आणखी. म्हणजे गाड्या कमी होतील, नाहीतर कुठलेसे थांबे तरी गळतील. कुठले गळावेत, हे ठरवणाऱ्यांपुढे तेव्हा विरार असेल, कळवा असेल, करी रोड असेल आणि दिवाही असेल.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो बुटाचे बंद बांधत होता. “पाच मिन्टं चालतीन मामा,” तो म्हणाला, “पन दार लागलं तं आमाले आत घेऊन लागलं पायजे.” आणि डबा पिशवीत घालून तो निघाला, कारण धीमी यावयास सातच मिनिटे उरली होती.